वेतनश्रेणी : पगार कसा ठरतो, कसा वाढतो



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास किंवा समाजसुधारणा यांतला एखादा विषय निवडावा असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या मानाने आजचा विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते अंकगणित शिकवीत. त्यांच्या हाताखाली त्रैराशिक आणि चक्रवाढव्याज शिकलेल्या मुलांपैकी निदान निम्मी मुले पुढे रेल्वेत, टपालखात्यात, सचिवालयात, महापालिकेत किंवा शाळा-महाविद्यालयांत नोकरीला लागली. दर महिन्याला पगारपत्रक हाती घ्यावे, शेवटचा आकडा पाहावा आणि घडी घालून ठेवून द्यावे, असे त्यांतील बहुतेकांनी आयुष्यभर केले. तो आकडा कोठून आला हे विचारणारे थोडे. आज त्याचाच उलगडा करावयाचा आहे.

या शाळेच्या बाबतीत विषयाला आणखी एक संदर्भ आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निर्माण झाले. म्हणजे येथील एकाच घराण्यात आजोबांनी सरकारवाड्याचा, वडिलांनी मुंबई सरकारचा आणि मुलाने गुजरात सरकारचा अथवा केंद्राचा पगार घेतला, असे सहज घडले. राज्ये बदलली, पण दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळण्याची हमी बदलली नाही. मध्यमवर्गीय मराठी घराची शिक्षणावरील श्रद्धा आणि ही हमी यांचे नाते फार निकटचे आहे.

श्रेणी म्हणजे काय

नोकराला एक ठरीव रक्कम न देता चढत जाणारी रक्कम द्यावी, ही वेतनश्रेणीची मूळ कल्पना. जुन्या पद्धतीत ही श्रेणी एका ओळीत लिहीत असत. तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगानंतर, म्हणजे १९७३ पासून, कनिष्ठ लिपिकाची श्रेणी अशी होती : २६०-६-२९०-द.रो.-६-३२६-८-३६६-द.रो.-८-३९०-१०-४००. तारायंत्राच्या संदेशासारखी दिसणारी ही ओळ नीट वाचली तर तीत एका माणसाची वीस वर्षे सामावलेली आहेत. आरंभी २६० रुपये. दरवर्षी सहा रुपये वाढ. पाच वर्षांनी २९०. तेथे 'द.रो.' म्हणजे दक्षतारोध. काम समाधानकारक आहे असा वरिष्ठांचा शेरा मिळाल्याखेरीज पुढची वाढ नाही. तो ओलांडला की आणखी सहा वर्षे सहा-सहा रुपये, नंतर आठ-आठ, पुन्हा एक रोध, आणि अखेरीस ४०० रुपयांवर मुक्काम. पाच, सहा, पाच, तीन आणि एक अशा एकूण वीस वाढी. विसाव्या वर्षी बढती मिळाली नाही तर पगार तेथेच गोठे.

चौथ्या आयोगानंतर, १९८६ पासून, त्याच लिपिकाची श्रेणी ९५०-२०-११५०-द.रो.-२५-१५०० अशी झाली. तीत वाढी चोवीस. पाचव्या आयोगानंतर, १९९६ पासून, ती ३०५०-७५-३९५०-८०-४५९० अशी झाली. या ओळीत 'द.रो.' ही अक्षरे नाहीत, कारण त्या वेळी दक्षतारोध काढून टाकण्यात आला. सहाव्या आयोगाने २००६ पासून अनेक श्रेणी एकत्र करून चार वेतनबँड केले आणि प्रत्येक पदाला 'ग्रेड पे' जोडला. वार्षिक वाढ रुपयांत न सांगता मूळ वेतनाच्या ३ टक्के असे ठरले, आणि सर्वांची वाढ १ जुलै या एकाच तारखेला आली. सातव्या आयोगाने २०१६ पासून ही सारी रचना एका तक्त्यात बसविली. त्याला 'पे मॅट्रिक्स' म्हणतात.

हा तक्ता समजण्यास सोपा आहे. आडव्या दिशेने पदांचे स्तर आहेत, उभ्या दिशेने वर्षांचे रकाने आहेत. पहिल्या स्तराचा पहिला रकाना १८,०००. त्याखाली १८,५००, १९,१००, १९,७०० असे चढत चाळिसाव्या रकान्यात ५६,९००. कनिष्ठ लिपिकाचा दुसरा स्तर १९,९०० पासून ६३,२०० पर्यंत जातो. दरवर्षी एक रकाना खाली उतरावयाचे. दोन रकान्यांत साधारण ३ टक्क्यांचे अंतर असते; तेही शंभराच्या पटीत आणलेले. चक्रवाढीने पाहिले तर सुमारे चोवीस वर्षांत मूळ वेतन दुप्पट होते. चाळीस रकाने ठेवल्यामुळे श्रेणीच्या टोकाला जाऊन पगार गोठण्याचे दुःख आता बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

वाढ एक नव्हे, चार

'पगार वाढला' असे आपण म्हणतो तेव्हा चार अगदी भिन्न गोष्टींना एकच नाव देतो. बहुतेक गैरसमज येथूनच निघतात. म्हणून त्या एकेक करून पाहू.

पहिली वार्षिक वेतनवाढ. तिचा महागाईशी संबंध नाही. एक वर्षाच्या अनुभवाने माणूस अधिक उपयोगी झाला, याचे ते मोल. २०१६ पासून ती १ जानेवारी किंवा १ जुलै या दोनपैकी एका तारखेला मिळते. एक प्रश्न अनेक वर्षे वादात होता. जो ३० जूनला निवृत्त होतो त्याने वर्षभर काम तर केलेले असते, पण वाढीच्या दिवशी तो नोकरीत नसतो. कर्नाटकातील वीजपारेषण महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अशा कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. वाढ ही केलेल्या सेवेबद्दल असते, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीबद्दल नव्हे, असा त्याचा आशय. वेतनवाढीचे तत्त्व याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

दुसरी वाढ महागाई भत्त्याची. ही खरे पाहता वाढ नव्हेच. ती झीज भरून काढणे आहे. औद्योगिक कामगारांसाठी असलेला अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा प्रसिद्ध होतो. त्याची बारा महिन्यांची सरासरी घ्यावयाची, ती २००१ या पायाभूत वर्षाच्या मापात आणावयाची, तीतून २६१.४२ वजा करावयाचे आणि बाकीला २६१.४२ ने भागून शंभराने गुणावयाचे. हा २६१.४२ चा आकडा म्हणजे सातव्या आयोगाचे वेतन लागू झाले तेव्हाची भावपातळी. समजा सरासरी ४१३.५ आली. वजाबाकी १५२.०८, भागाकार ५८.१७ टक्के. अपूर्णांक सोडून द्यावयाचा, म्हणून भत्ता ५८ टक्के. जुलै २०२५ पासूनचा केंद्राचा दर नेमका एवढाच होता. भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, बदलतो. मात्र तो मागील बारा महिन्यांच्या सरासरीवर चालतो, त्यामुळे भाव चढत असताना तो नेहमी भावांच्या मागे राहतो. करोनाच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते केंद्राने रोखून धरले. जुलै २०२१ पासून दर १७ वरून २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. महागाई भत्ता बुडणे म्हणजे वाढ न मिळणे नव्हे, पगार प्रत्यक्षात कमी होणे होय. त्या वेळी कर्मचाऱ्यांना जे वाईट वाटले त्याचे कारण हे.

तिसरी वाढ पदोन्नतीची. तिचा नियम असा की प्रथम जुन्या स्तरात एक काल्पनिक वेतनवाढ द्यावयाची आणि मग नव्या स्तरात त्या आकड्याएवढा किंवा त्याच्या लगेच वरचा रकाना घ्यावयाचा. दुसऱ्या स्तरात २५,२०० रुपये घेणारा लिपिक चौथ्या स्तरात वरिष्ठ लिपिक झाला असे समजू. काल्पनिक वाढीने २६,०००. चौथ्या स्तरात २५,५०० नंतरचा रकाना २६,३००. तेव्हा वेतन २६,३००. बढतीच्या जागाच नसल्याने जे वर्षानुवर्षे एका खुर्चीवर राहतात त्यांच्यासाठी १९९९ मध्ये केंद्राने बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरची श्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना आणली. सप्टेंबर २००८ पासून ती दहा, वीस आणि तीस वर्षांवर अशी तीन टप्प्यांची झाली. खुर्ची तीच राहते. श्रेणी मात्र चढते.

चौथी वाढ वेतन आयोगाची. हिच्याविषयी सर्वांत अधिक बोलले जाते, आणि सर्वांत कमी समजले जाते.

आयोग काय करतो

वेतन आयोग ही घटनेने नेमून दिलेली संस्था नव्हे, आणि दर दहा वर्षांनी तो नेमलाच पाहिजे असा कायदाही नाही. सरकार ठरावाने तो नेमते आणि त्याच्या शिफारसी स्वीकारणे, बदलणे वा नाकारणे हे सरकारच्या हाती असते. पहिला आयोग मे १९४६ मध्ये नेमला गेला. त्याचे अध्यक्ष श्रीनिवास वरदाचारियर. त्यानंतर १९५७ मध्ये जगन्नाथ दास, १९७० मध्ये रघुबर दयाळ, १९८३ मध्ये पी. एन. सिंघल, १९९४ मध्ये रत्नवेल पांडियन, २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले बी. एन. श्रीकृष्ण आणि २०१४ मध्ये ए. के. माथुर यांचे आयोग झाले. आठव्या आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो स्थापन होऊन न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्याकडे अध्यक्षपद आले. अहवालासाठी त्यांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

या आयोगांपुढचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो : माणसाला किती द्यावे? ब्रिटिश काळात १९१२ साली नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाने बाजाराच्या अंगाने उत्तर दिले होते. योग्य प्रतीची माणसे मिळतील, टिकतील आणि प्रतिष्ठेने राहू शकतील, एवढे द्यावे. त्याहून अधिक देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिल्या आयोगाने दुसरा प्रश्न पुढे आणला. सरकार हा देशातील सर्वांत मोठा मालक आहे. त्याच्या सर्वांत खालच्या नोकराचे पोट पगारात भरते काय? त्या आयोगाने किमान वेतन ३० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता २५ रुपये, असे ५५ रुपये ठरविले.

पोट भरणे म्हणजे नेमके काय, याचे माप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले. डॉ. वॉलेस ॲक्रॉइड या आहारशास्त्रज्ञाच्या मोजणीनुसार कर्ता माणूस एक एकक, त्याची पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ असे तीन एककांचे कुटुंब धरले. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी आणखी २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. घरातील स्त्रीला ०.८ मोजणारे हे सूत्र आज कानाला बोचते, आणि बोचावेही. परंतु डाळ, तांदूळ, दूध, कापड यांची यादी करून पगार काढण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे. सातव्या आयोगाचा १८,००० रुपये हा किमान आकडा याच जातीच्या हिशेबातून निघाला.

तो हिशेब सहजी मान्य झाला असे मात्र नव्हे. दुसऱ्या आयोगानंतर जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला. १९६६ मध्ये सरकार आणि कर्मचारी यांनी समोरासमोर बसून बोलण्यासाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. तरी १९ सप्टेंबर १९६८ रोजी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी एक दिवसाचा संप झालाच. मे १९७४ चा वीस दिवसांचा रेल्वे संप या गावातील अनेक घरांनी सोसला आहे. महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा संपही आपणांस आठवत असेल. आज तक्त्यात शांतपणे बसलेला प्रत्येक आकडा अशा एखाद्या भांडणातून आलेला आहे.

२.५७ चे कोडे

सातव्या आयोगाने जुने मूळ वेतन २.५७ ने गुणावे असे सांगितले, तेव्हा सरकारी नोकरांचा पगार अडीचपट झाला अशी समजूत गावभर पसरली. दुकानदारांनी तशी, आणि काही घरमालकांनी तर अधिकच तत्परतेने, ती करून घेतली. खरा हिशेब असा. १ जानेवारी २०१६ रोजी महागाई भत्ता १२५ टक्के होता. म्हणजे शंभर रुपये मूळ वेतन असणाऱ्याला आधीच २२५ रुपये मिळत होते. २२५ चे २५७ झाले, म्हणजे वाढ सुमारे १४ टक्के. उरलेला गुणाकार जुना भत्ता मूळ वेतनात विरघळविण्याचा होता. त्या दिवशी नवा महागाई भत्ता शून्यावर आला.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ज्याचे बँडमधील वेतन ७,७६० आणि ग्रेड पे २,४०० होते, त्याचे मूळ वेतन १०,१६०. त्यावर १२५ टक्के भत्ता १२,७००. एकूण २२,८६०. नव्या पद्धतीने १०,१६० गुणिले २.५७ म्हणजे २६,१११. चौथ्या स्तरात त्यावरचा रकाना २६,३००. वाढ ३,४४० रुपये, म्हणजे १५ टक्के. दहा वर्षांनी एकदा आलेली ही वाढ आहे, हे ध्यानी घेतले की तिचे खरे वजन कळते. सहाव्या आयोगाचा १.८६ हा गुणक तर सर्वस्वी जुन्या भत्त्याच्या विलीनीकरणाचाच होता. १ एप्रिल २००४ पासून मूळ वेतनात मिळविलेला ५० टक्के भत्ता आणि त्यावरचा २४ टक्के भत्ता, म्हणजे १.५ गुणिले १.२४, बरोबर १.८६. त्या वेळची खरी वाढ ग्रेड पे मधून आली. आठव्या आयोगाचा गुणक जेव्हा जाहीर होईल तेव्हा त्या दिवशी चालू असलेला भत्ता आधी वजा करावा. उरेल ती वाढ.

आणि दीर्घ काळाचा हिशेब? १९७३ मध्ये कनिष्ठ लिपिकाचे आरंभीचे वेतन २६०. २०१६ मध्ये १९,९००. म्हणजे सुमारे ७६ पट. त्याच काळात किंमत निर्देशांक, वेगवेगळ्या पायाभूत वर्षांच्या मालिका अधिकृत गुणकांनी जोडल्या असता, सुमारे ३० पट झाला. तेव्हा त्रेचाळीस वर्षांत त्या पदाच्या वेतनाची खरेदीशक्ती सुमारे अडीचपट झाली. सर्वांत खालच्या नोकराचे वेतन १९६ वरून १८,००० म्हणजे ९२ पट. मंत्रिमंडळ सचिवांचे ३,५०० वरून २,५०,००० म्हणजे ७१ पट. खालची पायरी वरच्या पायरीपेक्षा थोडी अधिक उचलली गेली. पहिल्या आयोगाच्या वेळी किमान ५५ आणि कमाल २,००० रुपये, म्हणजे एकास छत्तीस असे अंतर होते. सातव्या आयोगाच्या तक्त्यात १८,००० आणि २,२५,००० यांमध्ये ते एकास साडेबारा झाले. वरच्यांना काही मिळाले नाही असे नाही. पण समतेच्या दिशेने शासनव्यवस्थेत एवढे मोजता येण्याजोगे पाऊल फार थोड्या ठिकाणी पडले आहे.

पगारपत्रक आणि गावोगावचा फरक

आता एक पगारपत्रक उघडू. बडोद्यातील केंद्रीय कार्यालयात चौथ्या स्तराच्या पहिल्या रकान्यातील कर्मचारी, जुलै २०२५ चा दर. मूळ वेतन २५,५००. महागाई भत्ता ५८ टक्के, १४,७९०. घरभाडे भत्ता २० टक्के, ५,१००. वाहतूक भत्ता १,८०० आणि त्यावर ५८ टक्के, म्हणजे २,८४४. एकूण ४८,२३४. घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत : हैदराबाद, मुंबई, पुणे ही पहिल्या वर्गात, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव दुसऱ्या वर्गात, उरलेली गावे तिसऱ्यात. दर आरंभी २४, १६ व ८ टक्के होते. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला तेव्हा २७, १८ व ९ झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर ३०, २० व १० झाले. घरभाडे मूळ वेतनावर निघते, महागाईसह वेतनावर नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

राज्यांचा पगार राज्ये ठरवितात. गुजरात आणि मध्य प्रदेश यांनी सातव्या आयोगाची रचना १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. गोव्यानेही केंद्राचीच वाट धरली. महाराष्ट्राने बक्षी समितीच्या मार्गाने ती १ जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष दिली आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी हप्त्यांनी. कर्नाटक व तेलंगण यांची परंपरा निराळी. तेथे राज्याचे स्वतःचे आयोग बसतात. कर्नाटकात सातव्या राज्य आयोगानंतर ऑगस्ट २०२४ पासून मूळ वेतनावर २७.५ टक्के वाढ मिळून किमान वेतन २७,००० झाले. तेलंगणात २०२१ मध्ये ३० टक्के वाढ जाहीर झाली. म्हणून बेळगावच्या भावाचे २७,००० आणि बडोद्याच्या बहिणीचे १८,००० हे आकडे शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढू नये. प्रत्येकात किती भत्ता मुरलेला आहे ते आधी पाहावे.

एका रकान्याची किंमत

हे सारे समजून घेण्याचा व्यवहारी लाभ काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एका उदाहरणाने देतो. दुसऱ्या स्तरात २४,५०० रुपये घेणाऱ्या आणि १ जुलै ही वाढीची तारीख असणाऱ्या लिपिकाला १ एप्रिलला चौथ्या स्तरात बढती मिळाली. त्याने बढतीच्या दिवसापासूनच वेतननिश्चिती घेतली, तर काल्पनिक वाढीने २५,२००, आणि चौथ्या स्तरात २५,५००. जुलैत वेगळी वाढ नाही. त्याने 'माझी निश्चिती पुढच्या वाढीच्या तारखेपासून व्हावी' असा विकल्प दिला, तर एप्रिलमध्ये २५,५०० च मिळतात. परंतु १ जुलै रोजी जुन्या स्तरातील दोन वाढी धरून २६,००० आणि त्यावरून २६,३०० होतात. फरक आठशे रुपयांचा. हा विकल्प बढतीच्या आदेशापासून एक महिन्याच्या आत द्यावा लागतो. कागद टेबलावर पडून राहिला तर एक रकाना गेला. त्या रकान्यावर महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतन आणि अखेरीस मागे राहिलेल्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतन उभे असते. शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा त्याचा सर्वसाधारण दर. नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी न भरलेल्या एका फॉर्मचे फळ अशा रीतीने एखादी वृद्धा दरमहा भोगत असते, आणि तिला ते ठाऊकही नसते.

उलट बाजूही आहे. कार्यालयाच्या चुकीने जादा वेतन दिले गेले आणि निवृत्तीच्या वेळी ते एकरकमी कापले गेले, अशीही उदाहरणे घडतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्गातील आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असा दंडक घालून दिला. म्हणून माझी नोकरीतील तरुण मंडळींना विनंती आहे : वर्षातून एकदा आपले सेवापुस्तक मागून पाहावे, प्रत्येक वेतनवाढीची नोंद व सही तपासावी आणि विकल्पाच्या कागदाची पोच जपून ठेवावी.

श्रेणीबाहेरची माणसे

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आतापर्यंत जो तक्ता पाहिला, त्याच्या बाहेर आज फार मोठा वर्ग उभा आहे. मध्य प्रदेशातील शिक्षाकर्मी, महाराष्ट्रातील शिक्षणसेवक, आपल्याकडचे विद्यासहायक ही नावे आपल्या परिचयाची आहेत. काही वर्षे ठरीव मानधन, आणि मग श्रेणी, अशी ही पद्धत. कंत्राटावर घेतलेल्यांना तर श्रेणीचे आश्वासनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये रणधीर सिंग यांच्या प्रकरणात समान कामास समान वेतन हे तत्त्व घटनेत अनुस्यूत असल्याचे सांगितले, आणि २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही श्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे असा निर्णय दिला. तरी एकाच शिक्षकदालनात, एकाच इयत्तेला शिकविणाऱ्या दोन शिक्षकांच्या पगारात दुपटीचे अंतर असलेले आपण पाहतो. त्या धाकट्या शिक्षकाला घर भाड्याने घेताना, कर्ज मागताना, लग्न ठरविताना जी अडचण येते, ती केवळ कमी पैशाची नसते. पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे त्याला सांगता येत नाही, ही खरी अडचण.

वेतनश्रेणीचे मोल याच ठिकाणी आहे. ती माणसाला श्रीमंत करीत नाही. तिच्या आधाराने तो दहा वर्षांनंतरचा विचार करू शकतो. मुलाला शिकविण्याचे धाडस, म्हाताऱ्या आईवडिलांना जवळ ठेवण्याचे धाडस, शाळेला देणगी देण्याचे धाडस त्यातून येते. या शाळेच्या इमारत-निधीतील नोंदी पाहिल्या तर मोठे आकडे थोडे आणि दरमहा पगारातून दिलेले लहान आकडे पुष्कळ, असेच आढळेल. त्या लहान आकड्यांच्या मागे एक स्थिर रकाना होता. तो पुढच्या पिढीतील शिक्षकालाही लाभावा, यासाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी, जे आज आयोगांपुढे निवेदने देण्याच्या, संघटना चालविण्याच्या आणि शाळांचे कारभार पाहण्याच्या स्थितीत आहोत, निदान आपल्या हाताखालील नेमणुकांत तरी तो दिला पाहिजे.